कडू तुपाचा शरद

खळ्यावर मळणीयंत्र लागलं आणि बाजरीचा भुसा अंगाला चावायला लागला, की केडगावात सगळे म्हणतात, ऑक्टोबर आला. मला मात्र तो नाकाने कळतो. दुपारी ओसरीत बसून बाहेरचं पांढरं ऊन बघत असले, की कुठूनसा तुपाचा वास येतो. कढवताना सगळ्या आळीला कळतं तसल्या साजूक, रवाळ तुपाचा नव्हे. हिरवट, कडू, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणाऱ्या तुपाचा. घरात त्यातलं थेंबभरही नसतं. वास येतो तो त्या एका शरदाचा. आणि माझं काय होतं, तर मी खुशीत येते. तोंड कडू झाल्यावर खूश होणारी बाई आख्ख्या दौंड तालुक्यात मी एकटीच असेन.

आमचं भाकरी केंद्र आहे. चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची शेड, ओळीने शेगड्या, ओळीने पराती आणि ओळीने बसलेल्या आम्ही बायका. हायवेच्या ढाब्यांना आणि कंपन्यांच्या कँटीनला भाकरी इथून जाते. कुणाला बाजरीची, कुणाला ज्वारीची, कुणाला पातळ, कुणाला जाड, हे सगळं भिंतीवरच्या फळ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मला यादी लागते. यादी केली की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. पण फळा ही नुसती सोय. माझं खरं काम थापण्याचं. उंडा मळून तळहाताच्या पोटाने रेटत न्यायचा. पाणी कमी पडलंय, पीठ जुनं आहे, दळताना गरम झालंय, हे डोळ्यांना दिसायच्या आधी तळव्याला कळतं. परात कडेने फिरत राहते, भाकरी मोठी होत जाते आणि डोक्यातल्या सगळ्या याद्या तेवढ्यापुरत्या पुसल्या जातात.

त्याच तळव्यांवर ते आलं. आधी कोपरांवर, वाळलेल्या पिठासारखा पांढरा पापुद्रा. मला वाटलं, पीठच आहे. धुतलं, घासलं, गेलं नाही. मग गुडघे, मग डोकं, मग तळहात. कातडी जाड झाली आणि रेषांच्या जागी भेगा पडल्या. पिठात हात घातला की भेगांतून आग उठायची. दौंडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, सोरायसिस. कुणापासून कुणाला लागत नाही, आपल्याच शरीराचा गोंधळ आहे. मलम लावा, साबण कमी वापरा, चिंता करू नका. पहिल्या दोन गोष्टी मी यादीत घातल्या.

मलमाने कमी व्हायचं, परत यायचं. कमी व्हायचं, परत यायचं. मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘हा आजार लागत नाही’, आणि शेडमध्ये फळ्याशेजारी अडकवलं. लिहिलं की लोकांना पटतं, असा तेव्हा माझा समज होता.

मग एक दिवस भांडगावच्या ढाब्याचे पोपटशेठ स्वतः भाकरी न्यायला आले. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि शेजारी थापत बसलेल्या शालनला म्हणाले, "त्या ताईंना थापाय बसवू नका. गिऱ्हाईक बघतंय." मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, पुठ्ठा दाखवला असता. शालनला सांगितलं, त्यामुळे मला बोलायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी माझी परात जागेवर नव्हती. धुऊन, पुसून, मांडणीवर पालथी घातलेली. कुणी केलं, मी विचारलं नाही. मी हातमोजे चढवले आणि भाकऱ्या कागदात बांधायला बसले. आपण उभं केलेल्या शेडमध्ये आपणच पाहुण्यासारखं बसायचं. कानावर सगळीकडून थापण्याचा आवाज, आणि हातात कागद.

शालन तेवढी तोंडावर बोलली. "ताई, मला मागनं बोलाया येत न्हाई. हातमोजं घालून किती दिस डॉक्टरीण व्हनार? माझ्या नणंदेच्या पायाला आसंच हुतं. शिरूरला एक वैद्यबाई हायती. त्यांनी तिला तूप पाजलं तूप!"

"तूप पिऊन कातडी बरी होते?"

"मला काय इचारता? नणंद चपला घालून लग्नात नाचली, येवढं मी बघितलं."

माझं मागणं साधं होतं. थंडी पडली की बाजरीच्या भाकरीला मागणी वाढते. त्या थंडीत मला माझ्या परातीवर बसायचं होतं. बाकी कोपरं, गुडघे, डोकं काय ते नंतर बघू. तळहात परत पाहिजेत.

शिरूरला जायचं म्हणजे चौफुल्यावरून न्हावऱ्याची एसटी. पारगावला भीमेवरच्या पुलावर गाडी आली की खिडकीतून गार वारा येतो, आणि पूल संपला की परत ऊन. त्या बाईंच्या दवाखान्यात पहिल्यांदा बसले तेव्हा जे पाहिलं, ते अजून विसरलेले नाही. बाहेर डांबर पातळ करणारं ऊन, आणि आत बाकावर सगळी माणसं पूर्ण बाह्यांची. एक ट्रकवाला, एक शाळेतल्या बाई, एक कंपनीतला इंजिनिअर. कुणी कुणाच्या हातांकडे बघत नव्हतं. आजही शरदाच्या उन्हात मनगटापर्यंत बटणं लावलेला माणूस दिसला, की मी ओळखते. ओळख दाखवत नाही, पण मनात म्हणते, लवकर शिरूरची गाडी धर बाबा.

वैद्यबाई माझ्याच वयाच्या. नाडी बघितली, जीभ बघितली, तळवे बराच वेळ स्वतःच्या हातात धरून ठेवले. तेवढ्यानेच माझे डोळे भरून आले, कारण तोपर्यंत त्या हातांना कुणी बोट लावलं नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले. झोप, भूक, पोट, राग.

"दुधाबरोबर काय खाता?"

"भाकरी. कुस्करून."

"आणि?"

"तोंडी लावायला ठेचा. वर चिमूटभर मीठ. आमच्याकडे सगळेच खातात."

"सगळ्यांना मी बोलावलेलं नाही. तुम्ही आला आहात," त्या म्हणाल्या. "दूध आणि मीठ एका ताटात बंद. दही, लोणचं, आंबवलेलं, ठेचा, तळलेलं, सगळं बंद. जेवणानंतर दुपारची झोप बंद."

मी यादी करत होते. दुपारची झोप मी तशीही घेत नाही, म्हणून तिथे लगेच बरोबरची खूण केली.

त्यांनी उपचार समजावला तो माझ्या भाषेत. "पीठ वाळून चिकटलेली परात कशी घासता? लगेच खरवडत नाही. आधी तेलाचा हात लावता, मग ऊन पाणी सोडता. सुटतं की नाही आपोआप? तसंच आहे. आधी औषधी तूप पोटात, मग अंगाला तेल आणि वाफ, आणि सगळं सुटून पोटात आलं, की विरेचन. म्हणजे जुलाबाचं औषध. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हात वर येतं, म्हणून शरदातच."

"आणि मग बरं होईल?"

"मुळापासून घालवते, असं मी म्हणत नाही. जो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. आटोक्यात आणू आणि आटोक्यात ठेवायचं तुम्ही शिकाल. आधी रक्त तपासून आणा. आणि दौंडच्या डॉक्टरांचं मलम एकदम सोडायचं नाही. कमी करायचं तेव्हा त्यांना विचारून."

मला अशीच माणसं आवडतात. काय होईल, काय होणार नाही, कुणाला विचारायचं, सगळं स्पष्ट.

उपचाराच्या काळात आराम हवा, ऊन-वारा नको, आणि दवाखाना जवळ हवा. माझं माहेर निमोणे. शिरूरला जायला सोयीचं. दादाकडे जाऊन राहायचं ठरवलं. बॅग भरली, घरच्यांना कामं वाटून दिली, शेडचा फळा शालनच्या ताब्यात दिला आणि पथ्याची यादी दादाच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या वर चिकटवली. माझ्या हिशोबात सगळं बसलं होतं. एक गोष्ट त्यात बसवायची राहिली होती, ती म्हणजे लेक माहेरी आली आहे.

आमच्या गावात लेक माहेरी आली, की ती एका घरची राहत नाही. आळीतल्या प्रत्येक घरातून काहीतरी झाकून येतं. पहिल्या संध्याकाळी मासवड्या आल्या. दुसऱ्या दिवशी शेंगोळ्या, मग धपाटी आणि वर घट्ट दही. मी वाटीभर मुगाचं कढण घेऊन बसलेली, आणि समोर वाट्यांची रांग. दादा त्या सगळ्या वाट्या एकटा संपवायचा आणि मला म्हणायचा, "नंदे, आजारी पडावं तर तुझ्यासारखं. तुझं पथ्य मला मानवलंय."

आईची तऱ्हाच निराळी. वैद्यबाईंनी तूप दिलंय, एवढंच तिला कळलं आणि ती खूश. तूप म्हणजे ताकद. लेकीला तूप द्यायला सांगणारी डॉक्टर तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली होती. पण मी सकाळी अनशापोटी कोमट करून ते प्यायले आणि माझं तोंड वाकडं झालं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. रोज मात्रा वाढत होती. मला दिवसभर भूक नसायची, वरून फक्त गरम पाणी. तेवढ्यात नवरात्र बसलं. आईने घट मांडला, नंदादीप लावला.

आणि एके सकाळी मी तूप घ्यायला फडताळ उघडलं, तर बरणी रिकामी. धुऊन उपडी घातलेली.

"आई, तूप कुठंय?"

आई देवघरासमोर माळ ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "त्ये व्हय? त्ये दिव्यात घातलं."

"कुठल्या दिव्यात?"

"नंदादीपात. आगं, कडूजहर झालं हुतं. हिरवं पडलं हुतं. बोट लावून बघितलं म्या. तुला फशिवलंय त्या बाईनं, खवाट तूप गळ्यात मारलं. खायाला न्हाई तर न्हाई, दिव्याला चालतंय की. वाया कशाला घालवायचं?"

खवट तूप दिव्याला वापरायचं, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिच्या दृष्टीने तिने लेकीला वाचवलं होतं आणि संसारही राखला होता. देवघरात कडुनिंबाचा आणि आणखी कसकसल्या पाल्यांचा वास कोंदला होता. देवी त्यात शांत बसली होती. दादा ओसरीत लोळून हसत होता. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. तुपासाठी नाही. रोजचा क्रम तुटला होता, म्हणजे सगळं पहिल्यापासून. शरद पुढे सरकत होता, थंडी जवळ येत होती, आणि माझी परात तिकडे मांडणीवर पालथी होती.

फोनवर वैद्यबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देवीला पथ्य सांगितलंत का?" आणि हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आलं. "थांबा. थोडे दिवस साधं जेवा, मग नवीन तूप देते. शरद काही पळून जात नाही. आणि आईंना घेऊन या."

आईला नेलं. बाईंनी तिच्यासमोर तुपाची कढई दाखवली. काढा आटतोय, तूप वर तरंगतंय, तोच हिरवा रंग, तोच वास. आईने कढईत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी कडूच आसतंय हे?"

"कडूच असतं, आजी. कडू आहे म्हणून तर औषध आहे."

"मग आधी सांगायचं व्हतं. एवढी यादी लावलीय भितीला, त्यात न्हाई लिव्हलं."

खरंच नव्हतं लिहिलेलं. त्या दिवसापासून आई पालटली. आळीतून कुणी वाटी घेऊन आलं, की ती दारातच उभी. "न्हाई चालत तिला. न्यावा माघारी. आन् दादाला बी देऊ नगासा, फुगलाय त्यो." माझ्यासाठी कढण तिने स्वतः शिकून घेतलं. तिची नजर अधू आहे. रोज सकाळी ती माझा हात मांडीवर घ्यायची आणि बोटांच्या टोकांनी तळवा चाचपायची, तांदळातले खडे बघावेत तशी.

दसरा गेला. गावभर झेंडूच्या माळा सुकत होत्या आणि मी परत तूप पीत होते. बाईंनी सांगितलं होतं, तुपाचा नुसता वास आला तरी नको वाटेल, तेव्हा फोन करा. एके दिवशी शेजारी कुणीतरी लोणी कढवत होतं. तो वास, जो मला लहानपणापासून चुलीपाशी ओढून न्यायचा, नाकात शिरला आणि पोटातून ढवळून आलं. मी धावत फोनकडे गेले. आई मागून ओरडत होती, "काय झालं? काय झालं?" मी म्हणाले, "तूप नको वाटतंय!" तिने देवीला हात जोडले. साजूक तूप नको वाटलं म्हणून देवाचे आभार मानणारं आमचं पहिलंच घर.

मग अंगाला तेल, पेटीत बसून वाफ, आणि एके सकाळी विरेचनाचं औषध. त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की दादाने शेतातल्या घरी मुक्काम हलवला आणि घर माझ्यावर सोडलं. संध्याकाळी मी गोठ्यातल्या नवीन वासरासारखी लटपटत ओसरीत आले. डोकं हलकं, हात हलके, आतून कुणीतरी झाडून, सारवून ठेवल्यासारखं. त्यानंतर पातळ पेज, मग जरा घट्ट, मग कढण, मग मऊ भात. आजारी माणूस परत जेवायला शिकतो, तेव्हा नुसत्या भाताच्या चवीने हरखून जातो. मिठाशिवाय भात इतका गोड असतो, हे मला त्या वयात कळलं.

पहिली गेली ती खाज. एका सकाळी जाग आली आणि लक्षात आलं, की आपण सलग झोपलो. मग पापुद्रे पडायचे थांबले. चादर झटकली की पांढरा चुरा उडायचा, तो उडेना. कोपरांवर चट्टे राहिले, पण पातळ आणि गुलाबी. तळवे शेवटी. भेगा कडेने भरत आल्या. आणि एक दिवस आईने नेहमीसारखा हात मांडीवर घेतला, बोटं फिरवली, थांबली, परत फिरवली.

"नंदे," ती म्हणाली, "तुझ्या हाताच्या रेघा लागत्यात गं बोटाला."

मी उन्हात हात धरून पाहिला. होत्या. सगळ्या. इतकी वर्षं त्या तळव्यावर होत्या तेव्हा मी कधी बघितल्या नव्हत्या.

दौंडच्या डॉक्टरांनाही हात दाखवले. त्यांनी मलम कमी करायचं वेळापत्रक लिहून दिलं आणि म्हणाले, "काय करताय ते नीट सांगा, माझ्या नोंदीत राहू दे." मी सगळं सांगितलं, तूप दिव्यात गेल्याचंसुद्धा. ते त्यांनी लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

हे सगळं मी आज का आठवते? तर आजही डाव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा आला आहे. येतो अधूनमधून. कोरड्या हवेत येतो, चिंता केली की येतो, लग्नसराईत पथ्य मोडलं की हमखास येतो. पूर्वी तो दिसला की मी बाही खाली ओढायचे. आता मी त्याला बघून म्हणते, आलास? बस. मग शिरूरचा फोन लावते. आजार गेला नाही, पण आमच्यातला मालक कोण, ते ठरलेलं आहे. दूध-भाकरीत मीठ नाही, ठेचा शेजारच्या ताटात, आणि घरातल्यांनी मला आग्रह करायचा नाही. जमतं. ज्याने ते कडू तूप दोनदा पहिल्यापासून प्यायलं आहे, त्याला बाकी सगळं जमतं.

त्या वर्षी थंडीच्या पहिल्या लाटेला मी शेडमध्ये परत गेले. बायका थापत होत्या. मी आत आले आणि आवाज एकेक करून थांबले. हातमोजे नव्हते, पदराखाली हात नव्हते. शालनने माझ्या हातांकडे पाहिलं, उठली, मांडणीवरची परात काढून माझ्या जागेवर खणकन टेकवली.

"बसा. का आता हात दाखवत गावभर फिरनार हाय?"

नवी बाजरी होती. पीठ ओलसर गोड वासाचं. हात घातला आणि काही झालं नाही. आग नाही, चरचर नाही. नुसतं गार, मऊ पीठ. मी उंडा मळला, थापायला घेतला. पहिली भाकरी कडेला फाटली. शालन म्हणाली, "इसरलात व्हय?" दुसरी बरी आली. तिसरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, शेगडीतल्या निखाऱ्यांच्या आरावर धरली, आणि ती टम्म फुगली. बायका हसल्या. कुणीतरी जुन्या सवयीने म्हणालं, "ताईंची फुगली."

त्याच वेळी पोपटशेठ दारात आले. थंडीची ऑर्डर वाढवायची होती म्हणून स्वतः आले होते. मला परातीवर बघून ते उंबऱ्यातच थबकले. त्यांची नजर माझ्या हातांवर गेली आणि शालनकडे वळायला लागली.

"माझ्याशी बोला, शेठ," मी म्हणाले. "मी हितंच बसलीय."

"न्हाई, म्हंजी... बरं वाटतंय का ताई आता?"

"तुम्हीच बघा."

मी आरावरची भाकरी उचलली. कागद घेतला नाही, ताटली घेतली नाही. उघड्या तळहातावर ती वाफाळती भाकरी ठेवली आणि हात त्यांच्यासमोर धरला. चटका बसत होता. इतक्या दिवसांनी तळव्याला गरम ते गरम लागत होतं, आणि मला हात हलवायचा नव्हता.

पोपटशेठ पुढे आले. चप्पल बाहेर काढून आले. त्यांनी माझ्या तळहातावरूनच तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि उभ्याउभ्या चावत राहिले. मग दुसरा मोडला.

"आवो, हात भाजंल त्यांचा!" शालन ओरडली.

"भाजू दे," मी म्हणाले. "खाऊ दे त्यांना सावकाश."